बाराशेच्या आतली लाल: खोकं ठरवण्याच्या नोंदी

७ जानेवारी २०२४

वहीच्या पहिल्या पानावर दादाने 'प्रकल्प' असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात, तेव्हा आता मागे हटता येत नाही. काम साधं आहे. आमची दोन घरं जेवणाबरोबर अधूनमधून लाल वाईन घेतात आणि दर वेळी ज्या बाटलीवरचं चित्र बरं दिसेल ती उचलतात. त्याऐवजी दोन-तीन नावं पक्की करायची आणि मे महिन्यात एकदम खोकं आणायचं. मंडळी पाच: मी, बायको, दादा, वहिनी आणि समोरच्या फ्लॅटमधले काका. काका बँकेतून निवृत्त झालेत, म्हणून गुणांचा तक्ता त्यांच्याकडे.

अटी ठरल्या त्या अशा. ७५० मिलीची बाटली बाराशेच्या आत, नऊशेच्या आत मिळाली तर उत्तम. देशी. कोरडी, म्हणजे गोडी न ठेवलेली. पुण्यात बारा महिने मिळणारी. परदेशी बाटल्या बाजूला ठेवल्या त्यात देशाभिमान वगैरे काही नाही. आयात वाईनवर १५० टक्के सीमाशुल्क आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाल्यापासून तिकडच्या जरा वरच्या किमतीच्या बाटल्यांना सूट मिळते, पण पाच डॉलरच्या आतल्या बाटलीला नाहीच. तिथली साधी रोजची वाईन इथे येईपर्यंत पाहुण्यांसाठी राखून ठेवायच्या भावाची होते.

'रोजची' या शब्दावर वहिनींनी हरकत घेतली. त्या डॉक्टर आहेत. "भावजी, जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या जानेवारीत स्पष्ट सांगितलंय, दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. रोज म्हणून लिहू नका." हिशोब त्यांनीच मांडला: १३ टक्क्यांच्या बाटलीत सुमारे ७७ ग्रॅम अल्कोहोल, १५० मिलीच्या ग्लासात १५ ग्रॅम. तेव्हा रोजची म्हणजे साध्या जेवणाची, रोज प्यायची नव्हे. आठवड्यातून फार तर दोन संध्याकाळी, माणशी एक ग्लास. योगायोगाने एका बाटलीत बरोबर पाच ग्लास बसतात, त्यामुळे भांडण नाही.

१३ जानेवारी

दुकानं पालथी घातली. सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला होता, त्यावर रणकंदन झालं आणि ते तिथेच राहिलं. त्यामुळे किराण्याबरोबर बाटली हा प्रकार नाही, वाईन शॉपच्या जाळीसमोरच उभं राहायचं. तिथे मागून "दोन क्वार्टर, लवकर" असा आवाज येत असताना लेबल वाचत बसणं म्हणजे धीराचं काम.

फळ्यांवर सुला, फ्रातेल्ली, ग्रोव्हर झाम्पा ही नावं भरून. नाशिकच्या लहान वायनऱ्यांच्या बाटल्या एखाद-दुसऱ्या, तेही दुकानदार हौशी असेल तर.

पुढचं नाव वाचण्यापेक्षा मागचा छापा वाचावा. द्राक्षाचं वर्ष, ते नसेल तर बाटलीत भरल्याचा महिना आणि बॅच नंबर. या किमतीची लाल वाईन मुरायला ठेवण्यासाठी केलेलीच नसते, पहिल्या दोन-तीन वर्षांत संपावी अशी तिची बांधणी असते. त्यात आपल्याकडे ती उभ्या बाटलीत, ट्यूबलाइटखाली, दुपारच्या उकाड्यात थांबते. एका दुकानात एकाच नावाच्या दोन बाटल्या शेजारी-शेजारी होत्या आणि त्यांच्या तारखांत तीन वर्षांचं अंतर. भाव तोच. दुकानदाराने अर्थातच जुनी पुढे केली होती.

दादाला जड बुडाची, बुचाची बाटली हवी असते. फिरकीचं झाकण दिसलं की तो "सिरप आहे का हे?" म्हणतो. मला या भावात फिरकीचं झाकणच बरं वाटतं: खराब बुचामुळे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येण्याची भीती नाही, ओपनर शोधायला नको, उरलेली लगेच बंद करता येते.

'पोर्ट' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त गोड बाटल्या बाद. गोव्याहून येताना कोणीतरी हमखास आणतं ती. काकांना तिची आठवण प्रिय आहे, तक्त्यात मात्र तिला रकाना नाही.

२० जानेवारी

पहिली बैठक. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून रबर लावलं, ओतायचं काम बायकोकडे. ती आज फक्त ओतणार, गुण देणार नाही. ग्लासांवर क, ख, ग, घ, च, छ. शिराझ, काबर्ने, मर्लो, सान्जोव्हेसे, झिन्फंडेल एवढी द्राक्षं आहेत हे सगळ्यांना माहीत, कुठल्या ग्लासात काय ते नाही. माणशी घोट-दोन घोट, थुंकायला स्टीलचे डबे. काका थुंकायला तयार नव्हते, "पैसे दिलेत त्याचे". शेवटी वहिनींनी डोळे वटारले.

नावं झाकण्याचा हट्ट माझा होता, त्याला आधार आहे. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन लाल रंग घालून दिली, तर ते तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत करू लागले. तो अभ्यास २००१ साली छापून आला. २००८ साली कॅलिफोर्नियात लोकांना एकच वाईन वेगवेगळ्या किमती सांगून दिली, तेव्हा महाग सांगितलेली त्यांना जास्त आवडली आणि मेंदूच्या चित्रणातही तो फरक दिसला. म्हणजे माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच ती चांगली लागत होती. दादाला हे सांगून काही उपयोग नाही, त्याच्यापासून बाटली लपवणं सोपं.

निकाल: 'ग' पहिली, मोठ्या फरकाने. काबर्ने निघाली, लाकडी पिंपात ठेवल्याने येणारा वास असलेली, जाड, काळसर. घोट घेतल्याबरोबर "ही खरी वाईन" असं सगळे म्हणाले. 'ख' म्हणजे सान्जोव्हेसे चौथी: पातळ, आंबटसर, वहिनींच्या शब्दांत "कोकमाच्या जवळची". झिन्फंडेल तिसरी.

बायकोने आम्हाला न सांगता 'क' आणि 'छ' मध्ये एकच वाईन ओतली होती. दादाने एकीला दहापैकी आठ दिले, दुसरीला चार. काकांनी साडेसहा आणि सात. दादा म्हणतो, ग्लास नीट धुतला नव्हता. त्याच्या बाजूने एवढं म्हणता येईल की कॅलिफोर्निया स्टेट फेअरमधल्या वाईन स्पर्धेच्या परीक्षकांवर असाच प्रयोग रॉबर्ट हॉजसन यांनी केला होता. त्याच बाटलीतली वाईन त्याच बैठकीत तीनदा दिली, आणि जेमतेम दहातला एक परीक्षक आपल्या गुणांशी प्रामाणिक राहिला. तेव्हा आजचा तक्ता पेन्सिलीने लिहिला.

१० फेब्रुवारी

आज फक्त तापमान.

लाल वाईन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी हे वाक्य प्रत्येक पुस्तिकेत असतं. ज्या खोल्या बघून ते लिहिलं त्या युरोपातल्या दगडी घरांतल्या, सोळा-अठरा अंशांच्या. आमच्या दिवाणखान्यात आज दुपारी २९ होते आणि अजून उन्हाळा लागायचाय. एवढ्या गरम ग्लासात अल्कोहोल आधी नाकात शिरतो, फळाचा वास मागे राहतो, घशाशी जळजळ होते. लोक ही जळजळ वाईनच्या नावावर मांडतात.

एकाच शिराझच्या तीन बाटल्या: एक फळीवरची, एक १७ अंशांवर, एक थेट फ्रीजमधून ७ अंशांवर. स्वयंपाकघरातला थर्मामीटर ग्लासात बुडवून मोजलं. पुन्हा झाकून दिल्या.

२९ अंशांवरची चार जणांनी शेवटची ठरवली, "औषधी", "उग्र". ७ अंशांवर वास जवळपास नाही आणि तुरटपणा हिरड्यांना चिकटतो, कारण थंडीत तुरट आणि आंबट दोन्ही पुढे येतात. १७ अंशांवरची सगळ्यांची पहिली, आणि काकांना पटेना की ही तीच शिराझ. २० जानेवारीच्या तक्त्यात ती पाचवी होती, त्या दिवशी ग्लासात २७ अंश होते.

या घरासाठीचं गणित: फळीवरची बाटली फ्रीजमध्ये १७ वर यायला पावणेदोन तास लागतात. पुस्तिकेतला 'अर्धा तास' आपल्याकडे पुरत नाही. बर्फ-पाण्याच्या पातेल्यात गळ्यापर्यंत बुडवली तर बारा-पंधरा मिनिटं. नुसता बर्फ नको, पाणी हवंच, म्हणजे काचेला सगळीकडून थंडी लागते. ओतल्यावर ग्लास पंख्याखाली भराभर तापतो, म्हणून थोडं थोडं ओतायचं.

यापुढच्या सगळ्या बैठका १६ ते १८ अंशांवर. जानेवारीचे गुण काकांनी कंस करून बाजूला ठेवले.

२५ फेब्रुवारी

नाशिक. गंगापूर धरणाच्या बाजूने फिरलो, काढणी चालू होती. एका लहान वायनरीत टाक्यांजवळ उभं राहू दिलं.

खायच्या द्राक्षाची सवय असलेल्या माणसाला वाईनचं द्राक्ष दळभद्री वाटेल. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. पण लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीत आणि बियांत असतं, गर तर पांढराच. लहान मण्याला रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून तो हवा. फसफसताना साली वर तरंगून जाड थर धरतात आणि कामगार खालचा रस पंपाने त्या थरावर सोडत राहतात. साल किती दिवस रसात ठेवली यावर वाईन किती कडक होणार ते ठरतं. स्वस्त रोजच्या वाईनसाठी ती लवकर बाजूला काढतात.

तिथल्या माणसाने छाटणीचं सांगितलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटलं. आपल्याकडे वेल थंडीने झोपत नाही, म्हणून दोनदा छाटावा लागतो: एप्रिलच्या सुमाराला खरडछाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. पीक धरायचं ते दुसऱ्या छाटणीवर, म्हणजे फळ पावसातून सुटतं आणि कोरड्या हिवाळ्यात पिकून जानेवारी ते मार्च काढायला येतं. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात. म्हणजे आपल्या २०२३ च्या बाटलीतली वाईन तिकडच्या २०२३ पेक्षा सहा-सात महिन्यांनी मोठी असते. तारखा बघताना हे धरायचं.

पिकायच्या शेवटच्या आठवड्यांत ऊन वाढत जातं. साखर, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत ब्रिक्स, भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. उशिरा काढलं तर वाईन साडेचौदा टक्क्यांची, जड, सपाट. लवकर काढलं तर काबर्नेला ढोबळी मिरचीचा कच्चा वास. तो वास मला पूर्वी बऱ्याच बाटल्यांत आला होता आणि कशाचा ते कळत नव्हतं. पहाटे काढणी करण्यामागे हीच कसरत आहे, क्रेट थंड असताना आत पोचले पाहिजेत.

२००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर राज्याने करसवलती दिल्या, विंचूरला वाईन पार्क काढला, वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या आणि पुढे त्यांतल्या बऱ्याच बंदही पडल्या. शेतकऱ्याला खायच्या द्राक्षात बाजार वाईट असला तरी दारात व्यापारी येतो, वाईनच्या द्राक्षात एका कंपनीच्या करारावर सगळं. गाडीत बसल्यावर दादा बराच वेळ याच विषयावर बोलत होता. आमच्या मूळ गावी त्याने कधीकाळी अर्धा एकर लावायचं मनात आणलं होतं.

९ मार्च

आतापर्यंत नुसती वाईन पीत होतो. आजपासून ताट समोर.

वहिनींनी कोल्हापुरी पद्धतीने मटण केलं: सुकं, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा. तिखट त्यांच्या माहेरचं, म्हणजे मस्करी नाही. त्याच पाच वाईन, झाकलेल्या, १७ अंशांवर.

'ग', आमची जानेवारीची महाराणी, तांबड्या रश्श्याच्या दुसऱ्या भुरक्याबरोबर कोसळली. तुरटपणा लाळेतली प्रथिनं बांधून तोंड कोरडं करतो, त्यावर मिरचीची आग, त्यावर साडेचौदा टक्के अल्कोहोल जो त्या आगीला आणखी भडकवतो. काका पाणी मागू लागले. लाकडाचा वास तेवढा कडू होऊन उरला. सुक्या मटणाबरोबर ती थोडी सावरली, कारण चरबी आणि मांसातलं प्रथिन तुरटपणाचा काही भाग स्वतःवर घेतं, मीठ कडवटपणा कमी करतं. पांढऱ्या रश्श्याबरोबर तर चांगली लागली. पण कोल्हापुरी मटणात पांढरा पिऊन थांबणारा माणूस मला दाखवा.

झिन्फंडेल मजेत. तुरटपणा कमी, पिकल्या करवंदासारखं फळ, गोडीचा भास. आग तिने विझवली नाही, पण वाढवलीही नाही. शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास येतो तो निव्वळ कल्पनाविलास नाही. त्यामागचा रेणू, रोटंडोन, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली शोधला, आणि काळ्या मिरीतही तोच आहे. सुक्या मटणाच्या मसाल्यात ती बेमालूम बसली.

सान्जोव्हेसेबद्दल वहिनी जेवताना काही बोलल्या नाहीत, फक्त त्यांचा तो ग्लास सगळ्यांत आधी रिकामा झाला. काकांनी तेही टिपलं.

१६ मार्च

शाकाहारी ताट. या घरातली बहुतेक जेवणं अशीच, तेव्हा खरी परीक्षा ही. भरीत, पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याचा ठेचा, कांदा.

भरीत बघून वाटलं होतं की लाकडात ठेवलेली काबर्ने इथे जिंकेल, धुराला धूर. तसं झालं नाही. वांग्याच्या भाजक्या सालीत स्वतःचा कडवटपणा असतो, त्यावर तिचा कडवटपणा. एकावर एक दोन थर. मर्लो बरी होती. सान्जोव्हेसे मात्र इथे उठून दिसली. तिच्यातला जो आंबटपणा जानेवारीत आम्हाला कोकम वाटला होता, त्यानेच भरताचं तेल कापलं. इटलीत हे द्राक्ष टोमॅटो, ऑलिव्ह तेल, लसूण यांच्या संगतीत वाढलेलं आहे. भरतात टोमॅटो, शेंगदाण्याचं तेल, लसूण. ओळखीचं घर सापडल्यासारखं झालं असेल तिला.

पिठल्यापुढे सगळ्याच अडखळल्या. बेसनाचा थर जिभेवर बसतो, वाईन त्यावरून घसरून जाते. लिंबू पिळल्यावर फरक पडला. ताटात आंबट असलं की वाईनचा आंबटपणा कमी भासतो आणि फळ पुढे येतं. ठेच्यातलं मीठ आणि शेंगदाण्याचा स्निग्धपणा तर इतका उपयोगी की बायको म्हणाली, "चखणा म्हणून हाच ठेवू या, त्या मसाला काजूंचे पैसे वाचतील."

उसळीत दादाने नेहमीप्रमाणे गुळाचा खडा टाकायला लावला होता. दोन घास बिनगुळाचे आणि दोन गुळाचे खाऊन पाहिले. गोडाबरोबर पाचही वाईन आंबट आणि कडू झाल्या, झिन्फंडेलसुद्धा. म्हणजे पुरणपोळीच्या दिवशी लाल वाईन काढण्यात अर्थ नाही, आणि आमच्या घरच्या गोडसर आमटीबरोबरही नाही. आमटीत गूळ घालायचा की वाईन प्यायची, यावर वहिनी आणि दादा यांचं एकमत झालेलं नाही.

आजचे गुण: सान्जोव्हेसे पहिली, झिन्फंडेल आणि मर्लो जवळजवळ बरोबरीत, शिराझ त्यामागे, 'ग' शेवटची. दोन महिन्यांपूर्वीचा तक्ता उलटा धरावा तसा.

१७ मार्च

काकांच्या आग्रहाखातर तळलेली सुरमई. लाल वाईनबरोबर तोंडात लोखंडी, शिळ्या माशाचा वास. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की वाईनमधलं लोह याला जबाबदार, जितकं लोह जास्त तितका वास जास्त. लेबलवर लोह लिहिलेलं नसतं. माशाला लाल नाही. पुढे.

३० मार्च

उघडलेली बाटली किती टिकते ते पाहणं भाग होतं, कारण प्रत्येक वेळी पाच जण जमत नाहीत. दोघंच असलो की बाटलीत तीन ग्लास उरतात.

एकाच वाईनच्या तीन बाटल्या एका दिवशी उघडून प्रत्येकीतून दोन ग्लास काढले. एक झाकण लावून ओट्यावर. एक झाकण लावून फ्रीजमध्ये. तिसरीतली उरलेली लगेच लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून, वर हवा न ठेवता, फ्रीजमध्ये.

ओट्यावरची दुसऱ्या संध्याकाळी थकली आणि तिसऱ्या दिवशी व्हिनेगरच्या वाटेला लागली. फ्रीजमधली तिसऱ्या दिवसापर्यंत छान. लहान बाटल्यांतली पाचव्या दिवशी काकांना ताजी वाटली, मला किंचित मंद. कारण सरळ आहे, हवा आणि उष्णता. थंडीत सगळ्याच क्रिया सावकाश होतात, आणि बाटली भरलेली असली की प्राणवायूच कमी. त्यासाठी विकत मिळणारे पंप घेण्याची गरज नाही, काचेची, घट्ट झाकणाची लहान बाटली उकळून वाळवून ठेवली की झालं. ओट्यावरची उरलेली खिम्यात गेली. खिमा उत्तम झाला.

२० एप्रिल

पारा चाळिशीच्या पुढे. आज दुकानातून 'तीच' शिराझ आणली, जानेवारीत घेतली त्याच नावाची, बॅचही तीच. उघडली तर मनुकांचा, शिजवलेल्या जॅमचा वास, रंग कडेला विटकरी. जानेवारीतल्या बाटलीत यातलं काही नव्हतं. जी फळी दुपारी उन्हात येते तिच्यावर ती गेले काही आठवडे उभी होती. वाईनवाल्यांचा यात काय दोष? दुकानदाराने बदलून दिली नाही, "उघडलेली कशी घेऊ?" हे त्याचं म्हणणं. त्याच्या जागी बरोबरच आहे.

म्हणून अटींत भर: दुकानही ठरवायचं. ज्याचा माल भराभर खपतो, आत एसी आहे, आणि जो न फोडलेल्या खोक्यातला माल देतो, तो.

घरात ठेवायचं कुठे? माळा बाद, छताखाली आज ३६. उत्तरेच्या खोलीत पलंगाखाली, जमिनीलगत, २८. पुठ्ठ्याच्या खोक्यातच राहू द्यायच्या, उजेडही लागत नाही. फिरकीचं झाकण असल्यामुळे आडव्या ठेवायची गरज नाही. पावसाळा लागला की तिथे २४-२५ होतील, तोवर निम्म्या संपतील.

४ मे

शेवटची बैठक. तिघीच रिंगणात: सान्जोव्हेसे, झिन्फंडेल आणि मधल्या काळात दादाने आणलेली सात-साडेसातशेची एक साधी शिराझ मिश्रण, लाकूड न लावलेली. ताट मुद्दाम मिश्र ठेवलं: थालीपीठ-लोणी, चिकनचा साधा रस्सा, काकडीची कोशिंबीर.

दादाने 'ग'चा वकील म्हणून शेवटचं भाषण केलं. ती विना जेवणाची, गप्पांची वाईन आहे, हे त्याचं म्हणणं मान्य. पण गप्पा मारत बसायची वाईन या खोक्यात ठरलेलीच नव्हती. तिची एक बाटली त्याने स्वतःच्या पैशाने घ्यावी, हिवाळ्यात, आणि भावाला बोलवावं.

बायको आज पहिल्यांदा गुण द्यायला बसली, ओतायला मी. तिने थालीपिठाबरोबर स्वस्त मिश्रणाला सगळ्यांपेक्षा वर ठेवलं आणि कारण असं दिलं: "ही माझ्याकडे लक्ष मागत नाही." काकांनी विचारलं, हे गुणांच्या कुठल्या रकान्यात लिहू? वास, चव, तुरटपणा, ताटाशी मेळ असे चारच रकाने होते. पाचवा आखला.

बेरीज: अकलूजची सान्जोव्हेसे पहिली. किंमत आमच्या मर्यादेच्या काठावर आहे, पण भरीत आणि रस्सा दोन्ही सांभाळते. स्वस्त मिश्रण दुसरं. नाशिकची झिन्फंडेल तिसरी, पण मटणाच्या रविवारसाठी तिच्याशिवाय कोणी नाही.

११ मे

सोमवारी, १३ तारखेला, पुण्यात मतदान. आज संध्याकाळी सहाला दुकानं बंद होणार ती मतदान संपेपर्यंत, म्हणून दुपारीच गेलो. दुकानासमोर अख्खं शहर.

घेतलं ते असं: स्वस्त मिश्रण सहा, सान्जोव्हेसे चार, झिन्फंडेल दोन. प्रत्येकीचा भरल्याचा महिना काकांनी भिंग लावून तपासला. एक बाटली दीड वर्ष जुनी निघाली, ती परत देऊन आतल्या खोक्यातली नवी मागून घेतली. मागची रांग काकांवर चिडली. काका ढळले नाहीत, कॅशियरच्या खिडकीच्या पलीकडे उभं राहून काढलेली तीस वर्षं कामाला आली.

सरासरी बाटलीमागे नऊशेच्या आत बसली, म्हणजे ग्लासला १८० च्या खाली. सात बाटल्या आमच्या पलंगाखाली, पाच दादाकडे. पुढची खरेदी ऑगस्टमध्ये, तेव्हा यंदाच्या काढणीचा माल दुकानात आलाय का ते बघायचं. आज रात्री भरीत आहे. बर्फ लावलाय, वहिनींना फोन केला, त्या म्हणाल्या गूळ नसेल तर येते.